गिरकी गोठवायची की वाहू द्यायची?

२००८ साली निकॉनचा 'डी ९०' आला आणि फोटोचा डीएसएलआर कॅमेरा चलच्चित्रेही टिपू लागला. हाताची सवय मात्र जुनीच राहिली. फोटोत नर्तकीची गिरकी गोठवायला शटर १/१००० हवे. व्हिडिओत तेच ठेवले तर हालचाल तुटक, झटके खाणारी दिसते. डोळ्यांना ओघ हवा असतो आणि तो किंचित धूसरपणातून येतो. म्हणून सेकंदाला २५ चित्रे, तर शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे ट्यूबलाइटचे लुकलुकणेही याच आकड्यावर आवरते. उन्हात शटरला हात न लावता भिंगावर एनडी फिल्टर चढवावा. व्हाइट बॅलन्स 'ऑटो'वर सोडू नये. मांडवात मधेच चेहऱ्यांचा रंग बदलतो. लेकीची पाठवणी एकदाच होते. आकडे त्याआधीच पक्के केलेले बरे!