जातं गेलं, नाम राहिलं

माऊली, परंपरा म्हणजे काय, ते आधी नीट समजून घ्या. जनाबाई नामदेवरायांच्या घरची दासी. दळण, कांडण करता करता तिनं पांडुरंग गाठला. आता जातं ही परंपरा की नाम ही परंपरा? जातं गेलं, गिरणी आली. नाम गेलं का? नाही ना!

बहिणाबाई पाहा. ब्राह्मणाची लेक, पण गुरू मानलं तुकोबांना. नवरा संतापला, घर सोडून जायला निघाला. तिनं संसार सोडला नाही आणि गुरूही सोडला नाही. आज आपण तिला संत म्हणतो; तेव्हा लोक काय म्हणत असतील, याचा विचार करा.

2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पंढरीतले बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क संपले. मंदिर समितीनं पूजेसाठी स्त्रियांचेही अर्ज मागवले. अहो, रखुमाईची पूजा लेकीनं केली तर विठोबा रुसेल काय?

डोईवर तुळस घेऊन आळंदीपासून चालणारी माय तुम्हाला चालते. मग तिच्या गळ्यात वीणा का चालू नये? तेव्हा बाप्यांनो, घरी गेल्यावर कारभारणीला एवढंच म्हणा, ‘आज कीर्तनाला तू जा, भाकरी मी थापतो.’ रामकृष्णहरी!