नियंत्रण कक्षाचा रेडिओ अजून एएमवरच का?

वैमानिक आणि नियंत्रक यांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झच्या व्हीएचएफ पट्ट्यात चालतं, १२१.५ आणीबाणीसाठी. एफएमचा आवाज अधिक स्वच्छ, तरीही इथे एएम, आणि ते योग्यच आहे. एफएमवर दोघे एकदम बोलले तर जोरकस संदेश दुसऱ्याला गिळतो, कुणाला पत्ताही लागत नाही. एएमवर निदान कर्कश शिट्टी ऐकू येते. पण शिट्टी शब्द वाचवत नाही. १९७७ मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर असेच दोन महत्त्वाचे संदेश एकमेकांवर आदळले. त्यानंतर दोन विमानांची टक्कर झाली, आणि त्या अपघातात ५८३ माणसं गेली.

व्हीएचएफ क्षितिजापलीकडे फारसं पोहोचत नाही. त्यामुळे अरबी समुद्रावर दूर गेलेल्या विमानांसाठी मुंबईच्या नियंत्रण कक्षाला दूरवर पोहोचणारं एचएफ लागतं.