हाड जुळलं म्हणजे माणूस बरा झाला?

मनगटाचं प्लास्टर साधारण सहा आठवड्यांनी निघतं. एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतं आणि घरचे म्हणतात, "जुळलं ना माय हाड, आता कायची काळजी?" वऱ्हाडातला हा सगळ्यात पक्का गैरसमज. एक्स-रे हाडाचं सांगतो. त्या हाताला लुगडं नेसवतं का, रात्री ठणक्यानं जाग येते का, हे त्याला ठाऊक नसतं.

कापूस वेचणाऱ्या बाईचा हात पाहा. वेचणीची मजुरी किलोवर. कमरेला ओटी बांधून वाकायचं, अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीनं बोंडातला कापूस ओढायचा, वाळल्या बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा सोलून निघतात. दिवसभर हेच. मनगट सरळ जुळलं, पण चिमटीत जोर आला नाही, तर संध्याकाळी काट्यावर कापूस कमी भरतो आणि हातात पैसे कमी पडतात. उलटही घडतं : एक्स-रे तितका सरस नसला तरी हात चालतो. ६५ वर्षांवरच्या रुग्णांमध्ये ऑपरेशननं मनगटाचा एक्स-रे सरस दिसला, तरी वर्षभरानंतर हाताच्या कामात फारसा फरक उरला नाही, असं अभ्यासांत आढळलं आहे. तरुण मजुराला मात्र हा निष्कर्ष लावू नये.

"त्रास काय मोजता येतो?" असं शिकलेली माणसंही विचारतात. येतो. १९८७ साली जमलेल्या युरोकोल या संशोधक गटाची ईक्यू-५डी ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. चालणं-फिरणं, अंघोळ-कपडे, नेहमीची कामं, दुखणं, मनाची चिंता-उदासी असे पाच प्रश्न; नव्या आवृत्तीत प्रत्येकाला 'काहीच त्रास नाही'पासून पाच पायऱ्या. शिवाय शून्य ते शंभरच्या उभ्या पट्टीवर आजच्या तब्येतीची खूण करायची. उत्तरांवरून एक आकडा निघतो : १ म्हणजे पूर्ण आरोग्य, ० म्हणजे मृत्यूइतकी अवस्था. काही अवस्थांचा आकडा शून्याखालीही जातो, कारण त्यापेक्षा मरण बरं असं लोकांना वाटतं. कोणत्या त्रासाला किती वजन द्यायचं, हे आता परदेशी लोकांच्या मतावर सोडायची गरज नाही. चंदीगडच्या पीजीआयच्या संशोधकांनी भारतीयांना विचारून काढलेली मूल्यं २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली.

म्हणून कुठलीही प्रश्नावली कुठेही चालते, असं मात्र नाही, आणि इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. खुब्याच्या दुखण्यासाठी १९६९ पासून वापरात असलेला हॅरिस हिप स्कोअर विचारतो : खुर्चीत आरामात बसता का? जिना चढता का? बूट-मोजे घालता येतात का? मांडी घालून बसण्याचा, उकिडवं बसण्याचा प्रश्न त्यात नाहीच. वावरात निंदन बसून होतं, चूल असेल तर स्वयंपाक बसून होतो, खेड्यातला संडास बहुतेक भारतीय पद्धतीचा. कृत्रिम खुबा बसवल्यावर तर या बैठका टाळायलाच सांगतात. अशा रुग्णाला त्या तक्त्यावर उत्तम गुण मिळतील आणि निंदणाची रोजी मात्र बुडालेलीच राहील. आपल्याकडे जमिनीवर बसण्याचा प्रश्न वेगळा विचारलाच पाहिजे.

"बाबांचं मी सांगतो ना," म्हणत मुलगा फॉर्म ओढून घेतो. त्याला चालणं दिसतं, अंघोळ दिसते. त्याबद्दलचं त्याचं उत्तर रुग्णाच्या उत्तराशी बरंचसं जुळतं. दुखणं आणि मन मात्र बाहेरून नीट दिसत नाही. रुग्ण बोलू शकत असेल, तर उत्तर त्याचंच हवं. लिहिता-वाचता येत नसेल, तर प्रश्न वाचून दाखवावेत, पण उत्तर सुचवू नये.

मळणीयंत्रात किंवा अमरावती-अकोला महामार्गावर पाय चिरडला, तर "काही करा, पण पाय वाचवा" हेच सगळ्यांच्या तोंडी येतं. ते समजण्यासारखं आहे. पण अमेरिकेतल्या आठ ट्रॉमा केंद्रांमधल्या ५६९ रुग्णांच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाय वाचवलेले आणि पाय कापलेले रुग्ण दोन वर्षांनी जवळपास सारख्याच स्थितीत आढळले. परिणाम बिघडवणाऱ्या गोष्टींमध्ये गरिबी, कमी शिक्षण आणि आधाराला माणूस नसणं यांचा समावेश होता. आपल्याकडे चांगला कृत्रिम पाय मिळणं सोपं नाही, हे धरूनच तो निष्कर्ष वाचावा.

राहिलं "वय झालं, आता असंच चालायचं". ११ देशांतल्या आयक्युरोस या अभ्यासात ठिसूळ हाडांच्या रुग्णांची तुलना त्यांच्याच मोडण्याआधीच्या स्थितीशी केली. खुब्याचं हाड मोडलेले रुग्ण १८ महिन्यांनंतरही सरासरीनं आधीच्या पातळीवर परतले नव्हते. दीड वर्षात माणूस एवढा म्हातारा होत नाही. ही घट फ्रॅक्चरची आहे. म्हणूनच भरती होतानाच "मोडायच्या आधी कसं होतं?" हे विचारून ठेवावं लागतं.

आणि पुन्हा कधी विचारायचं, हेही ठरवावं लागतं. ईक्यू-५डी 'आज'ची स्थिती विचारते. उन्हाळ्यात वावरात कामच नसताना मजूर बाई "काही अडत नाही" म्हणेल, आणि ते खरंच असेल. तिलाच दिवाळीनंतर, ऐन वेचणीत फोन करून विचारा. ही प्रश्नावली फोनवरही विचारता येते, त्यामुळे त्यासाठी तिची मजुरी पाडायची गरज नाही.