पाचटाची डॉक्टरेट

गळीत हंगाम सरत आला की कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठची राने रात्री पेटलेली दिसतात. ऊस कारखान्याला गेलेला असतो, वाढे जनावरांपुढे पडलेले असते आणि रानात उरलेले असते ते पाचट. जनावर त्याला तोंड लावत नाही, ते लवकर कुजत नाही आणि खोडव्याला पाणी द्यायची तर घाई असते. मग काडी ओढली जाते. एकरी तीन-चार टन वाळलेले जळण पाहता पाहता धूर होऊन जाते. त्याच रानाच्या बांधावरच्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी एखादी बाई ओल्या लाकडाशी झगडत, फुंकणी तोंडाला लावून आणि पदराने डोळे पुसत भाकरीचा तवा तापण्याची वाट बघत असते.

या दोन्ही गोष्टी सातारा-सांगलीत वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलेल्या आहेत. मीही पाहिल्या. पण रानातला जाळ आणि चुलीतला धूर ही एकाच गणिताची दोन टोके आहेत, हे कागदावर मांडून त्यावर वर्षानुवर्षे काम केले ते आमच्याच जिल्ह्यातल्या फलटणला राहून, पण फलटणबाहेरून आलेल्या माणसांनी. त्यांच्या यंत्रांविषयी आजवर बरेच लिहून आले आहे. मला कुतूहल आहे ते निराळ्याच गोष्टीचे. नवा माणूस भेटला की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘कुठले तुम्ही? कुणापैकी?’ हा प्रश्न बहुधा सोयरिकीच्या हिशेबाने विचारला जातो. येथे तो कामाच्या हिशेबाने विचारून पाहावा असे वाटते.

सुरुवात करावी लागते ती एका अमेरिकन बाईंपासून. एलिझाबेथ लंडी हे त्यांचे माहेरचे नाव. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि कमलाबाई झाल्या. अपघाताने, आजाराने अपंग झालेल्या माणसाला हाताला काम देऊन पुन्हा उभे करण्याचे शास्त्र, ज्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, ते या देशात त्यांनी रुजवले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात 1950 साली सुरू झालेली त्याची पहिली शाळा त्यांची. फलटणला ‘कमला निंबकर बालभवन’ नावाची नावाजलेली शाळा आहे, ती याच बाईंच्या नावाने. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर. अमेरिकेत शेतीचे शिक्षण घेऊन हा तरुण मुंबई-पुण्यात न रमता फलटणला येऊन शेती करू लागला, बियाणे तयार करू लागला. 1968 साली त्यांनी निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. इंग्रजी आद्याक्षरांमुळे तिला सगळे ‘नारी’ म्हणतात. करडई, कापूस, गोड ज्वारी आणि पुढे मेंढ्या, असे संस्थेचे विषय वाढत गेले. 2006 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2021 साली ते निवर्तले. तालुक्याच्या गावात, सरकारी फाटकाबाहेर एक संशोधन संस्था पन्नास वर्षांहून अधिक काळ चालते, हेच मुळात आपल्याकडे नवल आहे.

बनबिहारींच्या पत्नी लेखिका जाई निंबकर या इरावती कर्वे यांच्या कन्या. (दुसरी कन्या गौरी देशपांडे. त्याही फलटणजवळच्या विंचुर्णीला येऊन राहिल्या होत्या, हे वाचकांना आठवत असेल.) आणि जाईंचे भाऊ डॉ. आनंद कर्वे.

हे कर्व्यांचे घर म्हणजे काय होते? आजोबा महर्षी धोंडो केशव. 1893 साली त्यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले होते. त्याच माणसाला 1958 साली भारतरत्न मिळाले. चुलते रघुनाथराव. संततिनियमनाचा पुरस्कार केला म्हणून त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली, तरी त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक मरेपर्यंत चालवले. वडील दिनकरराव जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले, फर्ग्युसनचे प्राचार्य. आई इरावतीबाईंनी बर्लिनला संशोधन केले. कवटीच्या ठेवणीवरून गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व दिसते अशी त्यांच्या मार्गदर्शकांची धारणा होती. बाईंनी मोजमापे घेतली आणि तसे काही दिसत नाही असे लिहून दिले. 1930च्या आसपासच्या बर्लिनमध्ये एका परदेशी विद्यार्थिनीने हे करणे म्हणजे काय, याची कल्पना करावी.

अशा घरात मुलाने ‘मी चुलीवर संशोधन करणार’ म्हटले तर कोणाच्या कपाळाला आठी पडेल? आनंदरावही जर्मनीतून वनस्पतिशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आले. विद्यापीठात शिकवले आणि फलटणला मेहुण्यांच्या संस्थेत करडईवर काम केले. 1996 साली शास्त्रज्ञ व कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन त्यांनी ‘आरती’ ही संस्था काढली. समुचित ग्रामीण तंत्रज्ञानाच्या या संस्थेचे कार्यालय पुण्यात, पण प्रयोगाचे केंद्र फलटणला. त्यांची कन्या डॉ. प्रियदर्शिनी भौतिकशास्त्र शिकलेल्या. त्यांनी हात घातला तो पाचटात.

पाचटाचा कोळसा करण्याची त्यांची रीत ऐकायला सोपी आहे. विटांच्या भट्टीत झाकणबंद पिंपे रचायची, त्यांत पाचट ठासून भरायचे आणि खालून थोडे पाचटच पेटवायचे. आत हवा नसल्यामुळे पाचट जळत नाही, करपते. त्यातून निघणारा वायू भट्टीतच पेटतो आणि पुढच्या करपण्याला उष्णता देतो, म्हणजे धूरही कामाला लागतो. मग कोळशाची भुकटी खळीसारख्या चिकट पदार्थात मळायची आणि यंत्रातून कांड्या पाडायच्या. हा कांडीकोळसा वापरण्यासाठी ‘सराई’ नावाचा एक वाफेचा कुकर केला. ओंजळभर, म्हणजे शंभर ग्रॅम कोळशात पाच माणसांचा वरण-भात-भाजीचा स्वयंपाक. या कामाला 2002 साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. 2006 साली तोच पुरस्कार पुन्हा मिळाला तो घरगुती बायोगॅससाठी. तेथेही नजर निराळीच. गोबरगॅसला शेण लागते, कारण आपण तसे धरून चाललो होतो. आनंदरावांचे म्हणणे असे की गायीने अन्नातला कस काढून घेतल्यावर उरते ते शेण. मग जिवाणूंना शेणाऐवजी खरकटे, किडके धान्य, पिठूळ बियाच का देऊ नयेत? चाळीस किलो शेण आणि चाळीस दिवस लागत, तेथे दोनेक किलो पिठूळ माल आणि एक-दोन दिवस पुरतात, असा त्यांचा हिशेब. प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या एकीत एक उपड्या घातल्या की संयंत्र तयार.

आता ‘नारी’कडे पुन्हा वळतो, कारण तेथला माणूस या घरांतला नव्हे. अनिल राजवंशी लखनौचे. कानपूरच्या आय. आय. टी.त शिकले आणि 1979 साली फ्लोरिडा विद्यापीठातून सौरऊर्जेत डॉक्टरेट घेतली. त्याच विद्यापीठात कृषिशास्त्रात डॉक्टरेट करणाऱ्या नंदिनी निंबकर या बनबिहारी आणि जाई यांच्या कन्या. 1981 साली हे जोडपे अमेरिका सोडून फलटणला आले. जावयाने सासरच्या गावी येऊन राहणे ही आपल्याकडे थट्टेची गोष्ट. येथे तो जावई चार दशके उसाच्या रानात भट्ट्या, कंदील आणि स्टोव्ह करीत राहिला. गोड ज्वारीच्या रसापासून उन्हाच्या उष्णतेवर अल्कोहोल काढणारी भट्टी, पाण्यात अर्धे अल्कोहोल मिसळले तरी पेटणारा स्टोव्ह, ‘नूरी’ नावाचा कंदील, विजेवर चालणारी सायकलरिक्षा, पाचटाचा गॅस करणारी यंत्रे. यांतले कित्येक प्रयोग काळाच्या आधीच झाले. अल्कोहोल म्हटले की उत्पादनशुल्क खाते आलेच, त्यामुळे स्टोव्ह तयार असून इंधन मिळत नाही असा प्रकार. शेतातल्या टाकाऊ मालावर तालुक्याला ऊर्जेत स्वयंपूर्ण करता येईल हा विचार त्यांनी 1995 साली, फलटण तालुक्याचाच हिशेब घालून, मांडला. 2001 साली जमनालाल बजाज पुरस्कार आणि 2022 साली पद्मश्री त्यांना मिळाली. नंदिनीताई 1990पासून संस्थेच्या अध्यक्ष. करडई आणि गोड ज्वारीतले त्यांचे काम मोठे आहे, पण वर्तमानपत्रांत नवऱ्याच्या कंदिलाचा उजेड अधिक पडला.

एकाच गोतावळ्यातली ही माणसे. भाऊ, बहीण, मेहुणा, भाची, भाचेजावई. कोणी म्हणेल, ही घराणेशाहीच झाली. राजकारणातली, साखर कारखान्यातली घराणी पाहून आपली जीभ तशी सरावलेली आहे. पण वारसा कसला आला ते पाहावे. जमीन होती, ओळखी होत्या, इंग्रजी होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे परवानगी. चाकोरीबाहेरचे काम हा वेडेपणा नव्हे, दहा वर्षांत फळ दिसले नाही तरी घर कोसळत नाही आणि लोक हसले तर हसू द्यावे, अशी ती परवानगी. ती तीन पिढ्यांपूर्वी मुरुडला मोठी किंमत मोजून कमावलेली होती.

माझे मन अडते ते येथे. आमच्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. ‘कमवा आणि शिका’ म्हणत माण-खटावच्या, पाटण-जावळीच्या हजारो पोरांना त्यांनी पदवीपर्यंत नेले. त्या पोरांच्या आया चुलीपुढे बसून खोकत होत्या. पाचट कसे पेटते आणि धूर छातीत कसा बसतो, हे त्यांना जर्मनीला जाऊन शिकायची गरज नव्हती. पण शिकून इंजिनिअर झालेल्या पोराने ‘मी नोकरी न करता चूल सुधारतो’ म्हटले असते तर? बहिणीचे लग्न, विहिरीचे कर्ज, धाकट्याची फी, हे सगळे त्या पहिल्या पगाराच्या वाटेवर डोळे लावून बसलेले. ज्यांना प्रश्न आतून ठाऊक होता त्यांना मोकळीक नव्हती आणि ज्यांना मोकळीक होती त्यांना प्रश्न बाहेरून समजून घ्यावा लागला. आमच्या भागातल्या स्वच्छ इंधनाच्या कामाची सारी कहाणी या एका वाक्यात बसते असे मला वाटते.

बाहेरून समजून घेण्याची किंमतही मोजावी लागली. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम देशात 1984च्या सुमारास सुरू झाला आणि 2002 साली केंद्राने तो आवरता घेतला. निर्धूर चुली लाखोंनी बसल्या आणि कित्येक मोडूनही पडल्या. चुलीचे तोंड लहान, लाकूड फोडून बारीक करायला वेळ कोणाला? धुराडे काजळीने तुंबते, ते साफ करायला छपरावर कोणी चढायचे? पावसाळ्यात त्याच भोकातून घर गळते. मोठा तवा नीट बसत नाही. धुरावर कांदे-लसूण टिकतात, छपराची लाकडे किडत नाहीत, तो धूरच गेला तर? हे प्रश्न प्रयोगशाळेत सुचत नाहीत. ‘आरती’ या कार्यक्रमात महाराष्ट्रासाठी तांत्रिक साह्य देणारी संस्था होती. तिने यातून एक धडा घेतला तो मला पुरस्कारांहून मोठा वाटतो. अनुदानाची चूल फुकट वाटण्याऐवजी गावातले कुंभार, गवंडी आणि बचतगटांतल्या बायका यांना साचे आणि शिक्षण देऊन चुली विकण्याचा धंदाच शिकवायचा. विकलेल्या चुलीची तक्रार घेऊन बाई दारात येते. फुकट दिलेल्या चुलीची तक्रार ती कोणाकडे नेणार? ‘लक्ष्मी’, ‘भाग्यलक्ष्मी’, ‘गृहलक्ष्मी’ अशी नावे घेऊन या चुली बाजारात आल्या. नावे ठेवणाऱ्याला गिऱ्हाईक कळत होते खास.

फलटणला राहण्याचा फायदा हाच. पुण्यातल्या वातानुकूलित खोलीत बसून केलेली चूल आणि जिच्या गिऱ्हाईकाशी बाजारच्या दिवशी गाठ पडते ती चूल यांत फरक पडणारच. राजवंशींचा कंदील काय, कर्व्यांची टाकी काय, पहिली परीक्षा शेजारणीच्या स्वयंपाकघरात.

आज जिल्ह्याचे चित्र बरेच पालटले आहे. वनकुसवड्याच्या आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्याला पंचवीस वर्षे होत आली, सांगलीकडे ढालगावच्या माळावरही त्या आल्या. पण त्या भांडवलाच्या जोरावर, कंपन्यांच्या. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 साली राज्यातले पहिले सौरग्राम ठरली, तेथे पुढाकार गावकऱ्यांचा. 2016च्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर वाड्यावस्त्यांवर पोचवला. तो पोचला हे खरे, पण पाहुण्यांच्या चहाला गॅस आणि भाकरीला, आंघोळीच्या पाण्याला चूल, अशी वाटणी अनेक घरांत आजही आहे. भरलेली टाकी महिना काढील की नाही, याचा हिशेब बाईच्या डोक्यात सतत चालू असतो. त्यामुळे फलटणकरांनी मांडलेले गणित सुटले असे म्हणवत नाही. पाचट कुजवून खत करावे हे आता कृषी खातेही सांगते, काही शेतकरी करतातही. पण मार्च-एप्रिलमध्ये रात्री कराडहून सांगलीला निघा, डाव्या-उजव्या हाताला जाळ दिसेलच.

दरवर्षी कराड, सातारा आणि सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून मुलेमुली बाहेर पडतात. आता त्यांच्यातल्या पुष्कळांचे वडील शिकलेले आहेत, घर पक्के आहे, बहिणीला स्वतःची नोकरी आहे. कर्व्यांच्या घरात जी मोकळीक होती तिच्यातली थोडी आता या घरांतही आलेली असावी. एखाद्या मुलीने जेवणाच्या ताटावर ‘मी पुण्याच्या कंपनीत जात नाही, पाचटावर काम करते’ म्हटले, तर आई काय म्हणते आणि वडील जेवता जेवता थांबतात का, हे आता त्या त्या घरावर आहे.