‘मी आले’ म्हणून पाहण्याची जागा

मराठीत ‘मी आलो’ की ‘मी आले’, हे तोंड उघडताच ठरवावे लागते. स्वतःच्या लिंगभावाचा शोध घेणाऱ्या क्वीअर व्यक्तींना तेच जड जाते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या अमेरिकी खेळात टेबलाभोवती बसून आपण रचलेल्या पात्राच्या तोंडून बोलायचे असते. पात्र स्त्री-पुरुष या दोनच चौकटींत बसवण्याची गरज नाही, असे त्याचे २०१४चे नियमपुस्तक सांगते. त्यामुळे नवे नाव, नवे क्रियापद घरी सांगण्याआधी मित्रांत उच्चारून पाहता येते. प्रसंग नकोसा झाला, तर अनेक गट ‘एक्स’ लिहिलेले कार्ड ठेवतात. त्याला हात लावला की विषय बदलतो, कारण विचारले जात नाही. हा उपचार नव्हे. घुसमट असह्य झाल्यास समुपदेशकाला भेटावेच.