पोलिसाच्या छातीवरील पदक

प्रजासत्ताकदिन आणि स्वातंत्र्यदिन यांच्या सुमारास वर्तमानपत्रांत पोलीस-पदकांची एक लांबलचक यादी प्रसिद्ध होते. ती मन लावून वाचणारे थोडेच. ओळखीचें एखादें नांव दिसलें तर बोट थांबतें, नाहीं तर पान उलटतें. परंतु त्या यादीमागें शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो केवळ धातूच्या चकत्यांचा नाहीं. शिपाई कोणाचा, धन्याचा कीं लोकांचा, हा प्रश्न त्या इतिहासांत पदोपदीं उभा राहतो.

छातीवर सुवर्ण धारण करणें आपल्याकडे नवें नव्हे. ऋग्वेदांत मरुद्गणांस 'रुक्मवक्षस्' हें विशेषण लाविलेलें आहे; ज्यांच्या वक्षःस्थलावर सोन्याचें तेजस्वी भूषण आहे ते, असा त्याचा अर्थ. मराठेशाहींत पराक्रमी पुरुषास सोन्याचें कडें मिळे, आणि रणांत पडलेल्याच्या लेंकरांसाठीं बालपरवेशी लावून दिली जाई. परंतु हे सारे मान लढवय्यांचे. गस्त घालणाऱ्या आणि चोर धरणाऱ्या शिपायास स्वतंत्र पदक असावें, ही रीत इंग्रजी अमदानींतली.

तिचा उगम लंडनांतील एका दरोड्याशीं जोडला जातो. २३ जानेवारी १९०९ रोजीं टॉटनहॅम येथें दोन सशस्त्र लुटारूंनीं एका कारखान्याच्या पगाराची रक्कम पळविली. पोलिसांनीं आणि नागरिकांनीं मैलोगणती त्यांचा पाठलाग केला. त्यांत विल्यम टायलर नांवाचा शिपाई आणि दहा वर्षांचा एक मुलगा प्राणांस मुकले. त्याच वर्षीं ७ जुलैस बादशहा सातवे एडवर्ड यांनीं 'किंग्ज पोलीस मेडल' सुरू केलें. पदक चांदीचें, एका अंगास बादशहाचा मुखवटा, दुसऱ्या अंगास खड्गधारी रक्षक, आणि त्याच्या ढालीवर इंग्रजींत कोरलेलें वचन: 'माझ्या लोकांच्या रक्षणासाठीं.' यांतील 'माझ्या' हा शब्द मोठा बोलका आहे. लोक बादशहाचे, आणि रक्षकहि त्याचाच!

टॉटनहॅमच्या शिपायांस या शब्दांत कांहीं खटकण्याजोगें नव्हतें. परंतु पदक समुद्र ओलांडून हिंदुस्थानांत आलें तेव्हां त्या षष्ठीचा अर्थ बदलला. कलकत्त्याचे पोलीस अधिकारी चार्ल्स टेगार्ट यांस तें १९११ सालीं मिळालें. बंगालच्या क्रांतिकारकांचा माग काढणें हीच त्यांची ख्याति. पुढें १९२४ च्या जानेवारींत त्यांच्यावर टपलेल्या गोपीनाथ साहा यानें चुकीनें अर्नेस्ट डे नांवाच्या भलत्याच इंग्रजावर गोळ्या झाडल्या, आणि तो तरुण फांशीं गेला. १९३० सालीं टेगार्ट यांच्यावर पुन्हां बाँब पडला. तेव्हांहि ते वांचले. सरकारनें ज्या छातीवर रुपें लाविलें, तिचाच वेध घेण्यास लोकांतील कांहीं जण जिवावर उदार झाले होते. अर्थात् तें पदक मिळविणारे सारेच असे होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. बुडत्यास वांचविण्यासाठीं किंवा दरोडेखोरास धरण्यासाठीं जीव धोक्यांत घालणाऱ्यांसहि तें मिळे, आणि त्यांच्या शौर्यास बट्टा लावण्याचें कारण नाहीं.

१९३२ सालीं केवळ हिंदुस्थानासाठीं कांशाचें 'इंडियन पोलीस मेडल' निघालें. त्या वर्षाच्या आरंभींच गांधीजींस अटक झाली होती आणि तुरुंग सत्याग्रह्यांनीं भरत होते. पदकास नेमकें हेंच वर्ष कां लाभलें, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं ठरवावें. या काळांत एक सुधारणा मात्र चांगली झाली. तोंपर्यंत गोळीपुढें उभा राहिलेला शिपाई आणि कचेरींत वर्षानुवर्षें चोख काम केलेला साहेब यांस एकच पदक मिळे. १९३३ सालीं चांदीच्या पदकाचे शौर्य आणि विशेष सेवा असे दोन भेद झाले. १९४४ सालीं कांशाच्या पदकांतहि तसाच भेद आला.

स्वातंत्र्यानंतर १ मार्च १९५१ रोजीं राष्ट्रपतींचें पोलीस व अग्निशमन सेवा पदक आणि त्याखालोखाल पोलीस पदक अशीं दोन पदकें स्थापन झालीं. बादशहाचा मुखवटा गेला. दोन पायऱ्या आणि दोन भेद ही चौकट राहिली. शौर्यपदकाबरोबर मासिक भत्ता असतो आणि पदकधारकामागें तो त्याच्या विधवेस मिळतो. जुन्या बालपरवेशीची येथें आठवण होते. कालांतरानें पोलीस, अग्निशमन, गृहरक्षक व नागरी संरक्षण आणि कारागृह या खात्यांच्या पदकांची संख्या सोळांवर गेली. त्यांचें एकत्रीकरण करून चारच पदकें ठेवण्यांत आलीं, आणि २६ जानेवारी २०२४ ची यादी त्या नव्या नांवांनीं प्रसिद्ध झाली.

शांतताकाळांतील सर्वोच्च शौर्यपदक म्हणजे अशोकचक्र. तें खास पोलिसांचें नव्हे, तरी पोलिसांनीं तें प्राणांचें मोल देऊन मिळविलें आहे. १३ डिसेंबर २००१ रोजीं संसदेवर हल्ला झाला तेव्हां केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शिपाई कमलेशकुमारी यांच्यापाशीं शस्त्र नव्हतें. इतरांस सावध करतां करतां त्या गोळ्यांस बळी पडल्या. त्यांस मरणोत्तर अशोकचक्र मिळालें. पुढें त्या खटल्यांतील फांशीची अंमलबजावणी रखडली, तेव्हां २००६ च्या डिसेंबरांत त्या हल्ल्यांत कामीं आलेल्यांच्या कुटुंबांनीं आपलीं पदकें राष्ट्रपतींकडे परत केलीं. घरच्या माणसाच्या जिवाच्या मोबदल्यांत आलेली वस्तु अशी परत करतांना त्यांच्या मनाचें काय झालें असेल!

२००९ च्या प्रजासत्ताकदिनीं अकरा जणांस अशोकचक्र जाहीर झालें, त्यांतील सात पोलीस होते. आपल्या मुंबईचे चौघे: हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि तुकाराम ओंबळे. करकरे सहपोलीस आयुक्त, ओंबळे साहाय्यक उपनिरीक्षक. हुद्द्यांत केवढें अंतर, पण पदक तेंच. ओंबळे सातारा जिल्ह्यांतील केडंब्याचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं गिरगांव चौपाटीपाशीं अडविलेल्या मोटारींतून कसाब बाहेर पडला, तेव्हां ओंबळे यांच्या हातीं लाठीखेरीज कांहीं नव्हतें. त्यांनीं त्याच्या बंदुकीची नळीच दोन्ही हातांनीं धरली. गोळ्या त्यांच्या अंगांत शिरल्या, तरी पकड सुटली नाहीं. तेवढ्या अवधींत सहकाऱ्यांनीं कसाबवर झडप घातली. तो जिवंत हातीं लागला, न्यायालयापुढें उभा राहिला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं येरवड्यास फांशीं गेला.