जळ्ळं मेलं लक्षण! : पेण-रोह्याकडच्या लाडाच्या शिव्या

आमच्या पेण-रोह्याच्या जुन्या घरांतून ‘तू मला आवडतेस’ असं कुणी कुणाला म्हटल्याचं ऐकिवात नाही. माया होती, पण ती बोलताना शिवीच्या वाटेनं यायची. ‘मेल्या, जेवलास का?’ या तीन शब्दांत आजीची सगळी काळजी मावायची.

रोह्याच्या एसटीत कधी म्हाताऱ्या जोडप्याच्या मागच्या बाकावर बसून बघा. कंडक्टर जवळ आला की आजी सुरू होतात : ‘जळ्ळं मेलं लक्षण! तिकिटं कुठे ठेवलीत?’ आजोबा खिसे चाचपत म्हणतात, ‘तुझ्या कपाळावर चिकटवलीयत, बघ.’ यात आजींचं कसब ऐकण्याजोगं आहे. नवऱ्याला ‘मेल्या’ म्हणायची सोय नव्हती. कुंकवाच्या धन्याचं मरण तोंडून काढायचं नाही. म्हणून जळतं आणि मरतं ते त्याचं लक्षण, आणि तेही नपुंसकलिंगी. नवरा मात्र ‘ठेवलीत’मध्ये शाबूत, अहो-जाहोच्या मानानं. जिला नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाणा लागायचा, तिनं व्याकरणातून काढलेली ही वाट आहे. ‘मेली कटकट’, ‘मेला उकाडा’, ‘काय मेलं ते घोरणं’... रोख कुणावर आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक असायचं.

खाडीकाठच्या खारेपाटात एवढी आडवाटही लागत नाही. आगरी-कोळ्यांच्या अनेक घरांत बाई नवऱ्याला सरळ अरे-तुरे करते. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार तीच करते, पैसा तिच्या कनवटीला असतो, तेव्हा तिच्या शिवीलाही वजन असतं.

पण या भाषेचा खरा खजिना बायकांच्या आपसातल्या बोलण्यात आहे. पेणचे पोह्याचे पापड लाटायला चार जणी बसल्या की हात आणि तोंड एका लयीत चालतात. ‘हा पापड लाटलास की नवऱ्याला अडवायला ढाल केलीस गं, टवळे?’ दुसरी मान वर न करता म्हणते, ‘ढाल तुला लागेल, सटवे! माझा नुसत्या लाटण्याला भितो.’ टवळी, सटवी, भवानी, अवदसा, कैदाशीण, महामाया. यातली भवानी आणि महामाया तर साक्षात देवी आहेत. सटवाई म्हणजे बाळाच्या कपाळी नशीब लिहिणारी. बाळंतिणीच्या खोलीत जिची पूजा मांडायची, तिचंच नाव पापडाच्या पाटावर मैत्रिणीला द्यायचं. या मैत्रीत धाक आणि कौतुक दोन्ही असतं, आणि मला हे संबोधन कुठल्याही ‘डिअर’पेक्षा मोठं वाटतं.

पुरुषांचा साठा त्या मानानं तोकडा : लेका, गाढवा, ठोंब्या, टोणग्या, शिंच्या, साल्या.

हे सगळं मोकाट नव्हतं. धाकट्या दिराची भावजयीनं हवी तशी खोडी काढावी, थोरल्या दिरासमोर मात्र आवाज चढवू नये. मेहुणा-मेहुणी, आजी-नातू, व्याही-विहीण यांना मुभा. सासरा-सुनेला अजिबात नाही. मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी 1940 साली अशा थट्टेच्या नात्यांवर निबंध लिहिला. जिथे नातं जवळचंही असतं आणि अवघडही, तिथे थट्टा भांडण टाळते, असं त्यांचं म्हणणं. नायजर देशातली अशी थट्टेची नाती 2014 साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. आपल्याकडे त्याला शिमगा पुरेसा होता! होळीभोवती नाव घेऊन बोंब मारायची, नव्या जोडप्याला छळायचं, आणि धुळवड सरली की राग धरायचा नाही. लग्नात विहिणी गाण्यांतून एकमेकींची उणीदुणी काढत. गणपतीत बाल्या नाचाच्या बारीला शक्तीवाले आणि तुरेवाले आजही एकमेकांना गाण्यातून सोलून काढतात.

या मायेला मोठं घराणं आहे. जनाबाईनं विठ्ठलाला ‘विठ्या’ म्हणून झोडपलं. तुकोबांची जिजाई त्याच विठ्ठलाला लाखोली वाहायची, असं परंपरा सांगते. नाथांनी भारुडांतून बाईला सासर-नवऱ्याची गाऱ्हाणी मोकळ्या तोंडानं मांडू दिली. रंगभूमीवर देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मधले फाल्गुनराव-कृत्तिका 1916 पासून भांडताहेत. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ 1980 साली आलं आणि मच्छिंद्र कांबळींच्या तोंडून मालवणी शिवी मुंबईच्या नाट्यगृहांत मानानं बसली. आमच्या आगरी बोलीला तेवढं मोठं नाटक अजून मिळायचं आहे.

सगळंच जपावं असं मात्र मी म्हणणार नाही. ‘रांडेच्या’ हा शब्द दोस्तांत कितीही लाडाचा असला तरी त्याचा मार कुठल्या तरी विधवेवर बसतो. जातींची नावं शिवी म्हणून वापरणाऱ्या म्हणी तर जाव्यातच. आणि जिथे बाई ऐकूनच घेते, उलट बोलू शकत नाही, तिथे ‘गंमत केली’ हे नुसतं पांघरूण आहे. उत्तर द्यायची मुभा असेल तरच ती थट्टा. एसटीतल्या आजोबांना उत्तर होतं, आजींनाही होतं.

मोल्सवर्थच्या कोशात (1831, दुसरी आवृत्ती 1857) आणि दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात यातले कितीतरी शब्द नोंदलेले आहेत. पण मायेचा ‘मेल्या’ आणि रागाचा ‘मेल्या’ यांत फरक आवाजाचा असतो, आणि तो कोशात उतरत नाही. तो ज्यांच्या गळ्यात आहे त्या बायका आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या नातवंडांच्या तोंडी ‘ब्रो’ आणि ‘यार’ आहे.

तेव्हा या दिवाळीत फराळाला बसलात की आजी, आत्या, मावशी यांना बोलतं करा. मोबाइलवर त्यांचा आवाज उतरवून घ्या. कोण, कुणाला, कोणत्या वेळी, आणि समोरच्यानं काय उत्तर द्यायचं, हे सगळं विचारा. त्या आधी लाजतील, ‘काय मेलं विचारतोस’ म्हणतील. रेकॉर्डिंग तिथूनच सुरू करा.